आई गंभीर आजारी आहे आणि मी परदेशात आहे. आत्ता जाऊ की रजा शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की आईचं दुखणं गंभीर आहे, घरचे म्हणतायत "आत्ता नको येऊस, आम्ही आहोत ना, गरज पडली तर कळवू", आणि तुमच्याकडे वर्षाची मिळून तीन आठवडे रजा आहे, ती आत्ताच संपवली तर नंतर काय करायचं. अगदी ह्याच हिशोबात मी अडीच वर्षं काढलीयेत. बाबांना हार्ट फेल्युअर होतं (म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी होत जाणं), मी परदेशात, घरी आई, दादा आणि वहिनी. मी डॉक्टर वगैरे नाही, फक्त ह्यातून गेलेली आहे एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. रजा शेवटासाठी राखून ठेवू नका. आई बोलतेय, ओळखतेय, तुमच्यावर चिडू शकतेय, तोवर जाऊन या.

आता आजार कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीये आणि त्यावर खरं तर बरंच अवलंबून आहे. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्कॉट मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला होता, त्यात लांबलेल्या आजारांचे उताराचे तीन रस्ते सांगितलेत. कॅन्सरमध्ये बरेचदा माणूस बराच काळ बऱ्यापैकी चालता फिरता असतो आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने खाली येतो. हार्ट, फुफ्फुसं असे अवयव निकामी होत जातात तेव्हा करवतीच्या दातांसारखं असतं, एकदम खाली, मग परत वर (पण आधीइतकं वर नाही), परत खाली, आणि ह्यातला कुठला दात शेवटचा ते आधी कळत नाही. तिसरा रस्ता डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) किंवा नुसत्याच म्हातारपणाच्या अशक्तपणाचा, वर्षानुवर्षं हळूहळू ओसरत जाणं. मला हे बाबा गेल्यानंतर वाचायला मिळालं. आधी वाचलं असतं तर मी रजेचं गणित वेगळं मांडलं असतं, कारण करवतीच्या दातांना "शेवटची वेळ" असं काही नसतंच, प्रत्येक ॲडमिशनला सगळ्यांना वाटतं हीच ती. पहिल्या फोनला मी धावत गेले, बारा दिवस राहिले, बाबा घरी आले आणि मला म्हणाले तू जा आता, नोकरी सांभाळ. दुसऱ्या ॲडमिशनला मी विमानतळावर निघाले होते तेवढ्यात दादाचा मेसेज आला की मास्क काढलाय, पेपर मागतायत. तिसऱ्या वेळी मी गेलेच नाही, इथेच फोन हातात धरून बसले.

आणि "डॉक्टरांना विचारून ठरवते" हेही फार धरून बसू नका. शिकागोच्या दोन डॉक्टरांनी २००० साली ह्याचाच अभ्यास केला होता, हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या सेवेत) दाखल झालेल्या ४६८ पेशंटबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं की हे किती दिवस जगतील, आणि मग प्रत्यक्ष काय झालं ते पाहिलं. अंदाज बरोबर आले फक्त २० टक्के. ६३ टक्के अंदाज जास्तीचे होते, आणि एकूण हिशोब केला तर डॉक्टर खऱ्या आयुष्याच्या पाचपटीहून जास्त सांगत होते. गंमत म्हणजे (गंमत कसली) पेशंटला जितकं जास्त दिवस ओळखत होते तितका अंदाज जास्त चुकत होता. म्हणजे तुमच्या आईला वीस वर्षं ओळखणारे फॅमिली डॉक्टर म्हणाले "अजून वेळ आहे" तर त्यात त्यांची माया किती आणि वैद्यकशास्त्र किती ते त्यांनाही सांगता येणार नाही. म्हणून "किती वेळ आहे" असं विचारण्यापेक्षा एक दुसरा प्रश्न आहे जो पॅलिएटिव्ह केअरवाले (गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर भर देणारे) डॉक्टर स्वतःलाच विचारतात: हा पेशंट पुढच्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? तोच उलटा करून तुम्ही विचारा. डॉक्टर, आई ह्या वर्षात गेली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यातच कळतं. आमचे डॉक्टर एक मिनिट काही बोलले नाहीत.

आता माझी चूक सांगते कारण तुम्हीही ती करणार असं मला दिसतंय, तुमच्या प्रश्नातच "घरचे नीट माहिती देत नाहीत" असं आलंय. पहिल्या खेपेला मी विमानातून उतरून थेट आयसीयूत गेले, सोबत नेटवरून काढलेली सतरा पानं, आणि तासाभरात सगळ्यांना कामाला लावलं. हे औषध का, ते का नाही, दुसरं ओपिनियन का घेतलं नाही, ह्यांना मोठ्या ठिकाणी का हलवलं नाही. दादा गप्प. वहिनी फक्त म्हणाली, "ताई, तुम्ही आधी बसा. पाणी प्या." मला तेव्हा तो अपमान वाटला होता. नंतर कळलं की डॉक्टर लोकांमध्ये ह्या प्रकाराला चक्क नाव आहे, "डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया सिंड्रोम", म्हणजे कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी, १९९१ साली अमेरिकेतल्या वृद्धांच्या वैद्यकीय जर्नलमध्ये ह्यावर पेपर छापून आलाय. लांब राहणारी मुलगी (किंवा मुलगा, नाव उगाच मुलीचं) अचानक उगवते, जवळच्या लोकांनी आणि डॉक्टरांनी मिळून हळूहळू जे ठरवलेलं असतं ते सगळं मोडते, सगळं काही करा म्हणते, कारण तिला इतके दिवस नसल्याची टोचणी असते. आणि म्हणे खुद्द कॅलिफोर्नियात ह्याला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. मी वाचून हसले आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

माहितीचं म्हणाल तर घरचे लपवतात असं नाही, त्यांनाही कळत नसतं, आणि आयसीयूच्या बाहेर जे वाक्य मिळतं ते असतं "स्टेबल आहेत". हा शब्द मला अडीच वर्षं छळत होता. स्टेबल म्हणजे बरं वाटतंय असं नाही. स्टेबल म्हणजे कालच्यापेक्षा बदल नाही, मग ते काल व्हेंटिलेटरवर असतील तरी स्टेबलच. ह्याऐवजी घरच्यांना तीनच गोष्टी विचारायला सांगा: ऑक्सिजन किंवा मशीनचा सपोर्ट कालपेक्षा वाढवला की कमी केला, बीपी टिकवायला औषध चालू आहे का आणि त्याचा डोस वर चाललाय की खाली, लघवी किती झाली. एवढ्यावरून दिशा कळते, आणि फोनवर रडत असलेल्या माणसालाही ह्याची उत्तरं देता येतात. आणि डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच ठेवा, प्लीज. तिथे दादाने विचारायचं, इथून मी वेगळा फोन करायचा, काकांनी ओळखीतून तिसरीकडून चौकशी करायची, तीन उत्तरं यायची आणि आम्ही आपापसात भांडायचो.

व्हिडिओ कॉलवर एक दिवस बाबा मला म्हणाले छतावरून मुंग्या पडतायत, आणि नर्स त्यांचे कागद चोरतेय. मला वाटलं डोकं गेलं, संपलं सगळं. ते डिलिरियम होतं, म्हणजे आजारपणात अचानक होणारा डोक्याचा गोंधळ, आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना खूप होतं, दिवसरात्र कळत नाही, झोप नाही, इन्फेक्शन, औषधं, चष्मा आणि कानाचं मशीन काढून ठेवलेलं असतं ते वेगळंच. बरेचदा ते उतरतं. चष्मा लावा, दिवस कोणता ते सांगत रहा, ओळखीचा आवाज ऐकू द्या, हे नर्सने सांगितलं, आणि तिथे मला पहिल्यांदा लांबून करण्यासारखं काम मिळालं. मी रोज दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचे, बाबा आज बुधवार आहे, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, दादा संध्याकाळी येतोय, आणि मग काहीतरी फालतू, की माझ्या बॉसने आज काय मूर्खपणा केला. वहिनी ते कानाशी धरायची.

दुसरं काम वजनाचं. हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठतं आणि ते सूज दिसायच्या आधी वजनकाट्यावर दिसतं, तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं. बाबा रोज सकाळी काट्याचा फोटो पाठवायचे, पायाच्या अंगठ्यांसकट, आणि मी ते शीटमध्ये भरायचे. दोनदा असं झालं की आकडा चढताना मला इथे दिसला, गोळी वाढवली, ॲडमिशन टळली. ह्याचा मला किती आधार होता सांगू शकत नाही. म्हणून सांगते, तुमच्या आईच्या आजारातलं असं एखादं रोजचं काम शोधा जे फोनवर होतं, रिपोर्ट फाईल करणं, इन्शुरन्सशी भांडणं, औषधं संपायच्या आधी मागवणं. मत द्यायचं काम नव्हे, राबायचं काम. मत देणारे घरी भरपूर असतात.

आणि जी व्यक्ती तिथे रात्र काढतेय तिला फोन करा, आईबद्दल विचारायला नाही, तिच्याबद्दल विचारायला. आमच्याकडे ती वहिनी होती. बाबांना उठवणं, बसवणं, रात्री तीनला धाप लागली की पाठीमागे उशा लावणं, हे सगळं तिने केलं आणि पाहुण्यांसमोर कौतुक माझं, "बघा, इतक्या लांबून येते". मला हे लक्षात यायला वर्ष लागलं ह्याची आजही लाज वाटते. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा पहिल्या दिवशी तिला म्हटलं, पंधरा दिवस बाबा माझे, तू माहेरी जा. ती आधी विश्वासच ठेवेना.

ती दुसरी खेप म्हणजे सगळ्यात चांगले दिवस. कसलीही इमर्जन्सी नव्हती, ऑफिसमध्ये सगळे म्हणाले मग कशाला चाललीस. पंधरा दिवस मी आणि बाबा घरात. काही मोठं बोललो नाही फारसं. पण एका दुपारी ते स्वतःहून म्हणाले की आता नळी नको, गेल्या वेळची नळी मला आठवते. मी दादाला बोलावलं, आईला बोलावलं, त्यांनी परत सगळ्यांसमोर सांगितलं आणि आम्ही ते लिहून त्यांच्या डॉक्टरांना दिलं. हे बोलणं फोनवर कधीच झालं नसतं, आणि आयसीयूत तर नाहीच, तिथे माणसाला बोलता येत नसतं आणि निर्णय आपल्याला घ्यावा लागतो.

त्यानंतर सात महिन्यांनी बाबा गेले. हॉस्पिटलमध्ये नाही, कुठल्याच दातावर नाही. सकाळी काट्याचा फोटो आला, ६१.२, मी भरला, दुपारी ते झोपले आणि उठले नाहीत. ह्या आजारात असं अचानक जाणं होतं, हेही मला नंतर कळलं. मी पोचले दुसऱ्या दिवशी. त्या वर्षीची माझी अकरा दिवस रजा शिल्लक होती, शेवटासाठी म्हणून ठेवलेली.

तुम्हाला पोचता आलं नाही आणि तिथे कुणी जवळ असेल तर फोन आईच्या कानाशी धरायला सांगा, ती प्रतिसाद देत नसली तरी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये हॉस्पिसमधल्या शेवटच्या काही तासांतल्या पेशंटच्या मेंदूचे आलेख काढले होते, त्यातल्या काहींचा मेंदू निपचित अवस्थेतही आवाजाला निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होता. समजत होतं की नाही ते त्यांनाही ठरवता आलं नाही. पण मी तरी बोलले असते.

बाकी पासपोर्टची मुदत आणि परत यायचा व्हिसा आजच तपासा, मध्यरात्री फोन आल्यावर नाही. बिनपगारी रजा मिळते का, काही दिवस तिथून काम करता येईल का, हेही शांत डोक्याने आत्ताच विचारून ठेवा, बॉसला आधीपासून माहीत असलं की ऐनवेळी फार समजवावं लागत नाही.

आणि "येऊ नकोस" हे नक्की कोण म्हणतंय ते बघा. तुमच्या लिहिण्यात भाऊ म्हणतो, मावशी म्हणते, आई काय म्हणते ते कुठेच नाही. तिला एकटीला फोन करा, आजूबाजूला कुणी नसताना. "येऊ का" असं विचारू नका, त्याला "नको गं, तुझं काम" किंवा "नको रे, खर्च कशाला" हेच उत्तर येतं, मलाही दोन वर्षं तेच येत होतं. मी मग एकदा विचारलं, "बाबा, पुढच्या महिन्यात येऊ की त्याच्या पुढच्या?" तर म्हणाले, "पुढच्या. दहा तारखेनंतर ये, तोवर माझं नवीन कानाचं मशीन येईल."