हडपसरला जाणाऱ्या मुलास

परभणी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग केंद्रात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडवायला शिकायला जायचे तू ठरवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्याच आठवड्यात तुझा हिरमोड होऊ नये म्हणून आधीच लिहितो. विंचने, म्हणजे केबल गुंडाळत ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, हजारेक फुटांवर सोडलेले ग्लायडर वर चढणारी हवा मिळाली नाही तर पाच-सहा मिनिटांत खाली येते. त्यामुळे दिवसभर मैदानावर राबूनही तुझ्या वाट्याला कधी कधी एक-दोनच उड्डाणे येतील. उरलेला वेळ वाया गेला असे मात्र मानू नकोस.

सकाळी तपासणीच्या वेळी एक जण आत बसून स्टिक, म्हणजे ग्लायडर कलवण्याचा आणि मागे ओढला की नाक वर नेणारा दांडा, हलवतो आणि दुसरा बाहेर उभा राहून एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, हाताने रोखून धरतो. हे बाहेरचे काम तू मागून घे, कारण जोडणी पक्की आहे की नाही हे तळहाताला जाणवते. दुसऱ्याचे उड्डाण चालू असताना केबल तुटली तर त्याने काय केले तेही नीट पाहा. माझी स्वतःची केबल पहिल्यांदा तुटली तेव्हा तीनशे फूटही उंची नव्हती, आणि घाबरून माझा हात स्टिक मागे ओढायला गेला होता. आधी नाक खाली, मग पुरेसा वेग येईपर्यंत धीर, आणि त्यानंतरच उतरण्याचा निर्णय, हा क्रम मागे बसलेल्या प्रशिक्षकांनी त्या दिवशी माझ्या हाडीमाशी भिनवला.

दुपारची विद्या तुला आपल्या वावरानेच अर्धी शिकवली आहे. चैत्रात नांगरून टाकलेले काळे रान शेजारच्या ओल्या उसापेक्षा कितीतरी लवकर तापते, त्यावरची हवा हलकी होऊन वर सुटते, आणि बांधावर वावटळ उठते किंवा घारी पंख न हलवता घिरट्या घालतात, तेव्हा तुला दिसतो तो थर्मलच असतो. वर जाणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते आणि पुरेशी थंड झाली की तिथे कापसाच्या ढिगासारखा ढग धरतो. जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते, यांतल्या फरकाला 125 ने गुणलेस की त्या ढगाच्या तळाची उंची अंदाजे मीटरमध्ये मिळते. 38 आणि 14 अंश असतील तर साधारण 3,000 मीटर. रोज सकाळी हे गणित मांड आणि दुपारी ढगांशी ताडून पाहा. थर्मलच्या भोवती हवा खालीही येत असते, म्हणून मोहाने मैदानापासून दूर जाऊ नकोस.

दिवाळीला गावी येताना नोंदवही बरोबर आण. प्रत्येक उड्डाणापुढे त्या वेळचे ढग, वारा आणि घारी यांची ओळही लिहिलेली असू दे. आपण दोघे ती ओसरीवर बसून वाचू.

तुझा हितचिंतक