20 नंबरच्या गळावर ग्रिफिथ्स नॅट ही ट्राउट मासा धरायची नकली माशी बांधताना नेढं बुजतं आणि माशी बुडते. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की 14 नंबरपर्यंतच्या माश्या नीट जमतात, पण 20 नंबरला आलं की (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो) डोक्याशी दोऱ्याचा गोळा होतो, नेढ्यातून तंगूस जात नाही आणि पाण्यावर टाकली की चार-पाच फेकींत माशी खाली जाते. माझ्या मते दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: माशीवर दोरा फार होतोय.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि ग्रेलिंगजवळ ऑ साबल नदीवर ट्राउट धरायला जातो. ही माशी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉर्ज ग्रिफिथ याच नदीकाठी राहायचे. ट्राउट अनलिमिटेड ही संस्था 1959 साली त्यांच्याच घरी सुरू झाली. थंडीतही एखाद्या उबदार दुपारी इथे पाण्यावर मिज उठतात. दिसायला आपल्या चिलटांसारखे, पण चावत नाहीत. जोड्या जुळवताना त्यांचे पुंजके पाण्यावर तरंगत येतात आणि ट्राउट एकेका किड्यामागे न धावता तो पुंजका उचलतो. म्हणून या माशीला पंख नाहीत, शेपूट नाही. मोरपिसाचं अंग आणि त्यावर कोंबड्याचं पट्टेरी पीस म्हणजे हॅकल, बस्स.

आता बांधणीकडे. दोरा शक्य तितका बारीक घ्या. बॉबिन (दोऱ्याची रीळ धरायचं हत्यार) लोंबकळत ठेवून वेढे घेत गेलं की प्रत्येक वेढ्याला दोऱ्याला पीळ पडत जातो आणि पिळलेला दोरा गोल, जाड बसतो. उजव्या हाताने बांधत असाल तर मधूनमधून बॉबिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून सोडा. पीळ सुटला की दोरा फितीसारखा चपटा होतो. एवढ्या एका सवयीने माझ्या माशीचं डोकं निम्म्यावर आलं.

सुरुवात नेढ्याला चिकटून करू नका. नेढ्याच्या लांबीएवढी दांडी मोकळी सोडा, तिथून एकेरी थर देत बाकापर्यंत, म्हणजे गळ वळतो तिथपर्यंत जा. शेवटची गाठ येईपर्यंत त्या मोकळ्या जागेत काहीही शिरू द्यायचं नाही.

बाकाशी आधी हॅकल बांधा. पिसाचे केस गळाच्या दांडी ते टोक या अंतराहून फार लांब नकोत. बुडखा सोलून मिलिमीटरभर उघडा ठेवला की पहिला वेढा तिरका पडत नाही. मग मोरपिसाचा एकच तंतू, बारीक रोव असलेला. त्याचं टोक ठिसूळ असतं, ते आधी कापून टाका. तंतू दोऱ्याभोवती हलकेच पिळून पुढे गुंडाळला तर ट्राउटच्या दातांनी लगेच तुटत नाही. (भारतातून येताना मोरपीस बॅगेत टाकावंसं वाटेल, पण आणू नका, तिथून निर्यातीला बंदी आहे. इथे फ्लायच्या दुकानात मिळतं.)

हॅकल मळसूत्रासारखं पुढे आणा, मध्ये अंग दिसेल असं. 20 नंबरला मी चार किंवा पाच वेढे घेतो. तुम्ही बहुधा आठ-नऊ घेताय, कारण दाट माशी जास्त तरंगेल असं वाटतं. तरंगवतात ती केसांची टोकं. ती पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर पसरून उभी राहतात. वेढे दाटले की केस एकमेकांना ढकलतात, वाकडे होतात, आणि खालचा दोरा व मोरपीस पाणी धरून ठेवतात. हॅकलचं टोक बांधायला दोऱ्याचे तीन वेढे पुरतात. मग चार वेढ्यांचं व्हिप फिनिश (दोरा त्याच्याच वेढ्यांखाली अडकवायची शेवटची गाठ), आणि कापा.

डोक्याला वॉर्निश लावायचंच असेल तर सुईच्या टोकाने, आणि ओलं असतानाच एखादं टाकाऊ पीस नेढ्यातून ओढून घ्या. मी एकदा हे विसरलो. फेब्रुवारीत, बोटं बधिर झालेली, समोर तीन ट्राउट सतत वर येत होते आणि डबीतल्या एकाही माशीच्या नेढ्यातून 6एक्स, म्हणजे अगदी बारीक तंगूस जाईना. अंधार पडेपर्यंत मी सुकलेलं वॉर्निश टोकरत उभा होतो. तेव्हापासून 20 आणि त्याखालच्या माश्यांना मी वॉर्निश लावतच नाही, आणि व्हाइसमधून (गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यातून) काढण्याआधी प्रत्येक नेढ्यातून तंगूस घालून बघतो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपायचा असेल तर बांधायच्या आधी चेपा. एवढा बारीक गळ कधीकधी तिथेच मोडतो, आणि बांधलेली माशी वाया गेली की फार वाईट वाटतं. बिघडलेल्या माश्या मात्र टाकू नका. ब्लेडने दोरा उभा चिरला की गळ पुन्हा मोकळा होतो. मी त्याच सहा गळांवर महिनाभर सराव केला होता.