‘सगळी मुलं जातात, मग हाच का घाबरतो?’

‘सुट्टीत दोन थीम पार्क आणि एक वॉटर पार्क ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी ह्यानं घसरगुंडीच्या तोंडाशी भोकाड पसरलं. पुढचे दोन दिवस घरात नुसती धुसफूस. सगळी मुलं जातात, मग हाच का घाबरतो?’ बाबांनी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या एका दमात सांगून टाकलं. आई मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. नऊ वर्षांचा मुलगा खुर्चीच्या कडेवर टेकलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सुट्टी संपली की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा बोलला जात नाही: एवढा खर्च केला, त्याचं काय?

आईला हवा होता तो व्हिडिओ सापडला. ती खाली तळ्याच्या काठावर मोबाइल धरून उभी होती. पडद्यावर घसरगुंडीच्या निळ्या नळीचं तोंड आणि त्यातून पडणारं पाणी, बाकी काही नाही. दोन मिनिटं तेच. मग कॅमेरा हलला आणि बाजूच्या लोखंडी जिन्यावर गेला. ओली माणसं कठड्याला अंग चोरून उभी, आणि त्यांच्यामधून उलट दिशेनं एक मुलगा घसरायची मॅट छातीशी धरून खाली येतोय. मॅट जवळजवळ त्याच्याएवढी. दर पायरीवर ती कोणाला तरी घासतेय.

‘आता बंद कर ना,’ मुलगा म्हणाला. नळीचं तोंड दिसत होतं तोवर तो मुकाट बघत होता.

मी आई-बाबांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि त्याच्यापुढे कागदावर शून्य ते दहाची पट्टी काढली. भीतीला आकडा द्यायचा, एवढाच खेळ. घसरगुंडी? सहा. वर उभं राहून खाली बघणं? सात. मागून ‘चल रे, चल’ म्हणणारे लोक? नऊ. जिना उतरणं? दहा. आणि नंतर बाबा काही बोललेच नाहीत, ते? त्यानं पट्टी निरखून पाहिली. ‘दहाच्या पुढे जाता येतं का?’

म्हणजे ज्या भीतीसाठी त्याला माझ्याकडे आणलं होतं, ती त्याच्या यादीत सगळ्यांत खाली होती.

बाबांचं म्हणणं होतं, ‘पण उंचीत बसला होता तो. मोजूनच वर सोडतात.’ हे मी बऱ्याच पालकांकडून ऐकते. उंचीची अट असते ती मुख्यतः शरीर राईडमध्ये सुरक्षित राहावं, पट्टा किंवा दांडा अंगावर नीट बसावा म्हणून. मनाची तयारी त्या खांबावर मोजली जात नाही. आपण ‘पोटात गोळा आला’ म्हणतो ना, वेगानं खाली जाताना तो खरोखरच येतो: खालून मिळणारा नेहमीचा आधार क्षणभर सुटतो, पोटातल्या अवयवांना आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते लगेच कळतं. कोणाला त्यात गंमत वाटते, कोणाला ते नकोसं होतं. नकोसं वाटणाऱ्याला भित्रा ठरवायचं काही कारण नाही.

हा आजार आहे का, असं आईनं हळूच विचारलं. एखाद्या गोष्टीचा भयगंड आहे असं म्हणायला ती भीती साधारण ६ महिने किंवा जास्त टिकलेली असावी लागते आणि तिच्यामुळे रोजचं जगणं अडावं लागतं. हा मुलगा मजेत आंघोळ करत होता, पोहायला जात होता. तो आंघोळीलाही घाबरू लागला असता किंवा आठवडेच्या आठवडे झोपेतून दचकून उठत असता, तर मी वेगळं बोलले असते.

मग ढकललं तर भीती जाते का? मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या छोट्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. आधी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर सशाजवळ खेळू दिलं, भीती कमी होत गेली. मध्येच पीटर आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्यानं त्याला घाबरवलं आणि भीती परत उसळली. मग त्यांनी वेगळी सुरुवात केली: तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि दर खेपेला थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देत होता. ससा कोणी त्याच्या अंगावर टाकला नव्हता.

आमची योजना साधी होती. आधी लेझी रिव्हर, म्हणजे संथ पाण्यात नुसतं तरंगत जायचं, मग बसकी घसरगुंडी, मग उंच जिन्याचा पहिला टप्पा. कुठूनही परत फिरायची मुभा, आणि परतताना बाबा सोबत. दिवसाचा शेवट मात्र त्याच्या आवडीच्या वेव्ह पूलमध्येच, म्हणजे लाटांच्या तळ्यात करायचा. यामागे डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा प्रयोग आहे. लोकांनी १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, फक्त त्या ३० सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवलं. पुन्हा कोणती खेप घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली निवडली. शेवट थोडा बरा झाला की आठवणही बदलते. यांचा पहिला दिवस जिन्यावरच संपला होता, पुढचे दोन दिवस तिथूनच नासले.

या सगळ्यात मोठ्या बहिणीचं काय झालं, हे मी विचारेपर्यंत कोणी बोललं नव्हतं. बारा वर्षांची ती, भाऊ रडला म्हणून तिच्याही राईड बुडाल्या. काही मोठ्या पार्कांत एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा राईड करून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. तशी सोय नसली तरी आई-बाबांनी मुलं वाटून घ्यायला कोण अडवतं?

पुढच्या सुट्टीनंतर चौघं आले. मुलगा बसक्या घसरगुंडीवरून चारदा गेला. उंच जिन्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत चढला, खाली वाकून बघितलं आणि ‘आज नको’ म्हणाला. उतरताना मॅट बाबांच्या हातात होती, ‘जरा जाऊ द्या’ हेही बाबाच म्हणत होते. ताईनं उंच घसरगुंडी तीनदा केली. तिचा व्हिडिओ कोणीच काढला नाही, ही तिची तक्रार माझ्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत चालूच होती.