मुलगा बोलतच नाही, मग मी जाऊन उपयोग काय?

शाळकरी मुलांसाठी स्वेच्छेने वेळ देणारे मार्गदर्शक, ज्यांना आता सगळे मेंटॉरच म्हणतात, माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: मी नेमाने जातो, पण मुलगा तोंड उघडत नाही, त्याला माझा काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, तेव्हा मी थांबलेलेच बरे. या शंकेला मी एका प्रकरणाच्या आधारे उत्तर देते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कोल्हापुरात उद्यमनगरातील एका मशीन शॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ शाळेच्या अशा उपक्रमात सामील झाले. त्यांच्याकडे नववीतला एक मुलगा आला. त्याचे वडील वारलेले, आई गांधीनगरला कापडाच्या दुकानात कामाला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की हे दोघे तासभर शाळेच्या व्हरांड्यात बसत. तीन महिनेही पुरे झाले नसतील, तोच काका माझ्याकडे आले. "मॅडम, आयुष्यभर पोरं हाताखाली घेतली मी. पण हे पोरगं 'हं' आणि 'बरं' याच्या पुढं जात नाही बघा. त्याला दुसरं कोणतरी बघा."

त्या तासात नेमके काय होते, असे मी विचारले. आधी चाचणीचे गुण, मग बीजगणिताची उजळणी आणि शेवटी घरच्या जबाबदारीविषयी चार शब्द, असा क्रम त्यांनी सांगितला. हे सारे तळमळीनेच चालले होते. पण वडील गेलेल्या मुलाला "आता घरचा कर्ता तूच" हे प्रत्येक पाहुणा ऐकवून जातो, आणि चौदा वर्षांच्या खांद्यांवर ते किती जड होते याचा विचार फारसा कोणी करत नाही. बोलता बोलता काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी त्यांना स्वतःला महत्त्वाची वाटली नव्हती: वर्गातली मुले शाळा सुटताच फुटबॉल खेळायला पळत असताना या मुलाने एकही शनिवार चुकवला नव्हता. नको असलेल्या माणसाला कसे टाळायचे, हे या वयाच्या मुलांना उत्तम जमते. तो येत होता, याचा अर्थ त्याला यायचे होते. ज्याने एक माणूस गमावला आहे, तो दुसऱ्याजवळ मन मोकळे करण्याआधी हा किती दिवस टिकतो ते पाहणारच.

म्हणूनच इतक्यात थांबणे धोक्याचे असते. अमेरिकेत १९०४ पासून मूळ धरलेल्या, एकेका मुलाची एकेका मोठ्या माणसाशी जोडी लावून देणाऱ्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या उपक्रमातील मुलांच्या माहितीवर जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक काळ टिकल्या त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. उलट ज्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या, त्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास पूर्वीपेक्षाही खालावला. मी हे काकांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्याकडच्या तालमीत वस्ताद पोराला समोर बसवून मनातले विचारत नाही, तो त्याच्याबरोबर आखाड्यात उतरतो. तुम्हीही महिनाभर गुणांचा विषय काढू नका आणि दोघांच्या हाताला काहीतरी काम द्या, एवढेच मी सुचवले. पुढच्या शनिवारी काका आपला जुना व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे वस्तूची जाडी बारकाईने मोजायचे हत्यार, घेऊन गेले. मुलाने पेन्सिल कॅलिपरच्या जबड्यात धरली, मुख्य पट्टीवरचा आकडा वाचला आणि खालच्या सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधू लागला. पहिले उत्तर चुकले. काकांनी दुरुस्त केले नाही. "परत बघ," एवढेच म्हणाले. मग नाणे झाले, खोडरबर झाले, आणि मुलाने आपणहून विचारले, "काका, वहीच्या एका पानाची जाडी काढता येईल?" शंभर पाने एकत्र दाबून मोजायची आणि शंभराने भागायचे, हे त्याने स्वतःच शोधून काढले.

काही आठवड्यांनी कॅलिपर डबीत ठेवताना तो म्हणाला, "पप्पांची हत्यारांची पेटी घरात आहे. मम्मीनं अजून उघडली नाही." काकांनी उपदेश केला नाही. "काय काय असंल तिच्यात?" असे विचारले, आणि मुलगा तास संपेपर्यंत बोलत राहिला. त्या वर्षी त्याचे बीजगणिताचे गुण फारसे वाढले नाहीत, हेही सांगायला हवे. मात्र न आलेले गणित तो आता वर्गात विचारू लागला.

काही मर्यादा मात्र सैल करू नयेत. भेट शाळेतच, इतरांच्या नजरेसमोर व्हावी, आईला प्रत्येक भेटीची कल्पना असावी आणि मुलाला परस्पर पैसे किंवा मोबाइल देऊ नये. "कोणाला सांगणार नाही" असे वचन तर कधीच देऊ नये. कारण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. हे मुलाला सुरुवातीलाच सोप्या शब्दांत सांगून ठेवावे.

आजारपण, बदली किंवा घरची अडचण यांमुळे ज्यांना खरोखरच थांबावे लागते, त्यांनी शाळेमार्फत निरोप पाठवू नये. निदान महिनाभर आधी मुलाला स्वतः सांगावे, कारण खरे द्यावे, ते त्याच्यामुळे नाही हे स्पष्ट म्हणावे, आणि शेवटच्या भेटीची तारीख ठरवून त्या दिवशी हजर राहावे.