कोशिंबिरीपासून सुरुवात करा

ताई, तिन्ही वेळा कच्चंच खायचं ठरवलंयत, तेवढं करू नका. मी तसंच केलं होतं. चौथ्या दिवशी पोट फुगून इतकं दुखलं की सगळंच सोडलं. आतड्याला एवढ्या तंतूंची सवय नसते. पहिले दोन आठवडे जेवणात फक्त एक वाटी कच्चं वाढवा आणि पाणीही वाढवा.

पोहे सोडू नका, इंदुरात राहून ते टिकणार नाही. वरची शेव चिमूटभर घ्या, जिलबी रविवारी. पोह्यांवर मोड आलेले मूग घालून लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मुगातलं लोह जास्त अंगी लागतं.

सॅलडच्या मागे लागण्यापेक्षा आपली कोशिंबीर करा. काकडी चोचवून, दाण्याचं कूट, वर तूप-जिऱ्याची फोडणी. गाजराच्या कोशिंबिरीत तर फोडणी हवीच, कारण त्यातलं कॅरोटीन स्निग्धांशाबरोबरच नीट शोषलं जातं. कोबीची पचडी, मुळ्याचा चटका, हे सगळं आपल्या आज्या करतच होत्या.

राजमा मात्र मोड आणूनही कच्चा खाऊ नका, त्यातलं लेक्टिन नावाचं अपायकारक प्रथिन नीट उकळल्याशिवाय जात नाही. पावसाळ्यात मूग-मटकी चांगली वाफवा. घरात गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर बाराही महिने. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाज्या अचानक वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जायचं असेल, तर वाटीभर कोशिंबीर खाऊनच घरातून निघा.