आत्याचं लग्न ठरतंय, मुलीला कसं सांगाल?

पहिल्यांदा सांगताय ना, मग थोडकंच सांगा. पाच-सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: "घरच्यांनी ओळख करून दिली. आत्या आणि तो तलावपाळीला भेटले, खूप बोलले, मग दोघांनी हो म्हटलं." ‘दोघांनी’वर जोर द्या.

नेहमी होणाऱ्या चुका:
- "मुलगी बघायला येणार." मुलांना ते दुकानात वस्तू बघण्यासारखं वाटतं. "भेटायला येणार" म्हणा आणि पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर तिला भुरभुरू द्या.
- "आता तुझा नंबर!" ही थट्टा नकोच, मुलं खरंच घाबरतात. तिने विचारलंच तर सांगा, कायद्याने मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण लागतात, आणि पुढेही तुझ्या होकाराशिवाय काही नाही.

नकार आला तर लपवू नका: "जमलं नाही, चूक कुणाचीच नाही." पत्रिका, जात वगैरे सध्या राहू द्या.