अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या ओल्ड मल्की मीटिंग हाऊसला बारा कोपरे का आहेत?

कारण इमारतीचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे, आणि तसा आराखडा आखला की कोपरे बाराच होतात: आठ बाहेर आलेले, चार आत वळलेले. टॉम्पकिन्सव्हिलजवळची ही बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) प्रार्थनावास्तू 1804 ची, ओंडक्यांची. ओंडक्यांच्या बांधकामात भिंतीची लांबी झाडाच्या सरळ खोडाएवढीच मिळते. लांबी वाढवायला मध्येच दोन ओंडके जोडले, तर भिंत नेमकी त्या जोडावर फुगते. त्यापेक्षा तिथे कोपरा काढणं शहाणपणाचं: टोकांना खाचा पाडून दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत बसवले की तो कोपराच खांबासारखा भिंत धरून ठेवतो. लहान ओंडक्यांत मोठं सभागृह उभं राहतं ते असं. जवळून पाहाल तर सगळी ताकद त्या खाचांत आहे. ओंडक्यांमधल्या फटी बुजवणारं लिंपण वारा-पाणी अडवतं, भार घेत नाही. ते सुटलं की पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजायला लागतं, म्हणून अशा वास्तूत आधी लिंपण आणि सर्वांत खालचे ओंडके तपासावेत.

बारा कोपरे म्हणजे येशूचे बारा प्रेषित आणि तीन दारं म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), असंही सांगतात. ती परंपरा मनापासून जपलेली आहे, पण बांधणाऱ्यांच्या मनात आधी काय होतं, हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. वरचं कारण बांधकामाच्या तर्काचं आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.